तीव्र अल्सरेटिव्ह कोलायटिस: औषधोपचाराचे दीर्घकालीन फळ कसे जोखावे आणि कसे टिकवावे

तीव्र अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराच्या जोरदार झटक्यासाठी, रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला बहुधा आठ-दहा दिवसांत उतार पडतो, शौचातून पडणारे रक्त थांबते, शिरेतून चाललेले स्टेरॉइड गोळ्यांवर येते आणि डिस्चार्ज मिळतो. पुष्कळ घरांत त्या दिवशी दुखणे संपले असे धरले जाते. प्रत्यक्षात झटका शमवणारे औषध आणि पुढची वर्षे आतडे शाबूत ठेवणारे औषध ही बहुतेक वेळा दोन निरनिराळी औषधे असतात, आणि पाच-सात वर्षांनी हाती काय उरते हे घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काय केले आणि काय टाळले यावर बऱ्याच अंशी ठरते. हा लेख त्या महिन्यांपासून पुढच्या काळासाठी आहे. औषध कोणते आणि किती, हे पोटविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे आहे. परंतु त्यांच्यापुढे बसून योग्य प्रश्न विचारणे, अहवाल नीट सांभाळणे आणि आकड्यांचा अर्थ समजून घेणे हे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असते, आणि ते काम मन लावून करण्यासारखे आहे.

आधी झटका किती मोठा होता ते लिहून घ्यावे

दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच होणे, आणि त्याबरोबर ३७.८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, मिनिटाला ९०हून अधिक नाडी, १०.५ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन किंवा ३०हून अधिक ईएसआर (शरीरातील सूज दाखवणारी रक्ततपासणी) यांपैकी निदान एक गोष्ट असणे, असा झटका तीव्र मानला जातो. हे निकष ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांच्या नावाने ओळखले जातात. त्यांनी १९५५ साली कॉर्टिसोनच्या चाचणीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. त्या चाचणीत २१० रुग्ण होते आणि कॉर्टिसोन घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते. स्टेरॉइडपूर्वीच्या काळात तीव्र झटक्यात माणूस दगावणे ही नेहमीची गोष्ट होती. आज चांगल्या रुग्णालयात हे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आले आहे.

यांपैकी किती निकष जुळले होते याला पुढच्या वाटचालीच्या दृष्टीने महत्त्व आहे. ऑक्सफर्डमधल्याच २०१० सालच्या एका पाहणीत, सहा शौचांखेरीज एकच निकष जुळलेल्या रुग्णांपैकी ८.५ टक्के लोकांचे मोठे आतडे काढावे लागले, दोन जुळलेल्यांपैकी ३१ टक्के आणि तीन किंवा अधिक जुळलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांचे. म्हणजे 'तीव्र' या एकाच शिक्क्याखाली फार वेगवेगळ्या जोखमीची माणसे असतात.

अडचण अशी, की डिस्चार्ज कार्डावर यातले काहीच नसते. 'जुना कोलायटिसचा रुग्ण, शिरेतून उपचार दिले, प्रकृती समाधानकारक' एवढ्या एका ओळीत सारा आठवडा संपवलेला असतो. म्हणून घरी निघण्यापूर्वी निवासी डॉक्टरांना विनंती करून काही गोष्टी त्या कार्डावर लिहवून घ्याव्यात: पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी किती वेळा शौचाला झाले, त्या दोन्ही दिवशीचे सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन), दुर्बिणीतून आतड्याचा किती भाग सुजलेला आणि जखमी दिसला, बायोप्सीत सायटोमेगॅलो विषाणू सापडला का, शौचाच्या नमुन्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा संसर्ग निघाला का, आणि कोणते औषध कोणत्या तारखेला किती मात्रेत दिले. तिसऱ्या दिवसाच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. १९९६ साली ऑक्सफर्डच्याच डॉक्टरांनी दाखवले, की स्टेरॉइड सुरू करून तिसऱ्या दिवशीही आठहून अधिक वेळा शौचाला होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा होऊन सीआरपी ४५च्या वर असेल, तर त्या काळी अशा रुग्णांपैकी ८५ टक्के जणांवर त्याच मुक्कामात शस्त्रक्रियेची वेळ येत असे. आज अशा वेळी दुसरे औषध दिले जाते, पण तिसऱ्या दिवशी रुग्ण या रेषेच्या कोणत्या बाजूला होता, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला जाणून घ्यावेसे वाटते.

टक्केवारी ऐकली की तीन गोष्टी विचाराव्यात

'या औषधाने ८० टक्के लोकांना गुण येतो' असे वाक्य कुणाकडून तरी कानावर पडते आणि घरचे त्यावर भिस्त ठेवतात. ते वाक्य खोटे नसते, पण अपुरे असते. गुण म्हणजे काय, तो किती दिवसांनी मोजला, आणि कोणत्या रुग्णांत मोजला, हे तिन्ही कळल्याशिवाय टक्केवारीला अर्थ येत नाही.

सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे उदाहरण घेऊ. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या रुग्णांना शिरेतून सायक्लोस्पोरिन देण्याची छोटी चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्या ११ जणांपैकी ९ जणांना उतार पडला, आणि ते न मिळालेल्या ९ जणांपैकी एकालाही नाही. पुढे बेल्जियममधील लूव्हेन येथील १४२ रुग्णांचा मागोवा २००६ साली छापून आला. त्यातही ८३ टक्के रुग्ण त्या मुक्कामात शस्त्रक्रिया टळून घरी गेले. इथपर्यंत चित्र उत्साहवर्धक आहे. घरी गेलेल्या ११८ जणांपैकी ४१ जणांवर, म्हणजे ३५ टक्के जणांवर, नंतर कधीतरी आतडे काढण्याची पाळी आली, असेही तो अहवाल सांगतो. आणि त्याच अहवालात, सात वर्षांपर्यंत पाहिले तर शस्त्रक्रियेचे प्रमाण ८८ टक्क्यांपर्यंत जाते, असा अंदाजही आहे. एकाच अभ्यासात ३५ आणि ८८ हे दोन्ही आकडे कसे बसतात? पहिला आकडा सर्वांची सरसकट मोजणी करतो; त्यात वर्षभरापूर्वी दाखल झालेला माणूसही 'शस्त्रक्रिया टळलेला' म्हणून धरला जातो. दुसरा आकडा प्रत्येकाचा मागोवा किती काळ घेतला हे लक्षात घेऊन काढलेला असतो, पण सातव्या वर्षापर्यंत मागोव्यात उरलेली माणसे थोडीच असल्याने तो डळमळीतही असतो. माझ्या मते यांतला कोणताही एक आकडा रुग्णाला एकटा सांगणे योग्य नाही. पहिल्याने खोटा दिलासा मिळतो आणि दुसऱ्याने माणूस हाय खातो.

त्याच अहवालातली खरी उपयोगाची माहिती वेगळीच आहे. जे रुग्ण आधीपासून प्रतिकारशक्ती दाबणारे, दीर्घकाळ घ्यायचे औषध अ‍ॅझाथायोप्रिन घेत असूनही झटक्यात सापडले होते, त्यांच्यातील ५९ टक्के जणांवर शस्त्रक्रिया झाली. ज्यांनी अ‍ॅझाथायोप्रिन प्रथमच सायक्लोस्पोरिनसोबत सुरू केले, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होते. सायक्लोस्पोरिन हे काही महिन्यांचे औषध आहे. ते थांबवल्यावर आतडे सांभाळणारे दुसरे काही हाती असले तरच त्याचा उपयोग टिकतो. झटक्याआधी अ‍ॅझाथायोप्रिन चालू होते का, हा प्रश्न म्हणून प्रत्येक रुग्णाने स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर डॉक्टरांना आपणहून सांगावे.

इन्फ्लिक्सिमॅब या शिरेतून द्यायच्या, सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधाचीही गोष्ट अशीच उलगडते. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये ४५ रुग्णांवर झालेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत इन्फ्लिक्सिमॅबची एकच मात्रा दिली होती. तीन महिन्यांत औषध मिळालेल्या २४ पैकी ७ जणांचे आतडे काढावे लागले, न मिळालेल्या २१ पैकी १४ जणांचे. तीन वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा हे आकडे २४ पैकी १२ आणि २१ पैकी १६ झाले होते. फायदा राहिला, पण अंतर कमी झाले. या पाठपुराव्यातले एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. तिसऱ्या महिन्यात दुर्बिणीतून पाहता ज्या ८ रुग्णांचे आतडे आतून भरून आलेले दिसले, त्यांच्यापैकी एकावरही नंतर शस्त्रक्रियेची वेळ आली नाही; ज्या १४ जणांचे आतडे भरून आले नव्हते, त्यांच्यापैकी ७ जणांवर आली. संख्या लहान आहे हे खरे, पण पुढे इतर अभ्यासांनीही आतील अस्तर भरून येणे हीच दीर्घकालीन फळाची भरवशाची खूण मानली आहे.

मग सायक्लोस्पोरिन बरे की इन्फ्लिक्सिमॅब? फ्रान्स, स्पेन, बेल्जियम आणि फिनलंड येथे ११५ रुग्णांवर झालेल्या समोरासमोरच्या चाचणीत, आणि ब्रिटनमध्ये २७० रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत, दोन्ही औषधे तुल्यबळ ठरली. पहिल्या चाचणीतील रुग्णांचा मागोवा पुढे पाच वर्षांवर नेला, तेव्हा सायक्लोस्पोरिन गटातील ६१.५ टक्के आणि इन्फ्लिक्सिमॅब गटातील ६५.१ टक्के रुग्णांचे आतडे शाबूत होते. पहिल्या वर्षाअखेरचे आकडे होते ७०.९ आणि ६९.१. हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जे आतडे गमावले गेले ते बहुतांशी पहिल्याच वर्षात. दुसऱ्या ते पाचव्या वर्षात घसरण थोडी आहे. पहिले वर्ष डोळ्यांत तेल घालून काढावे असे जे सांगितले जाते, त्यामागे हे कारण आहे. आता या दोन औषधांतील निवड रुग्णालयाच्या अनुभवावर, मूत्रपिंडाच्या स्थितीवर, क्षयाच्या धोक्यावर आणि पुढे कोणते औषध चालवायचे आहे यावर होते.

भारतातूनही एक महत्त्वाची चाचणी आली आहे. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमध्ये १०४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, शिरेतील स्टेरॉइडसोबत पहिल्याच दिवसापासून टोफासिटिनिबच्या गोळ्या दिल्या तेव्हा सातव्या दिवशी ८३ टक्के रुग्णांना उतार होता, आणि केवळ स्टेरॉइडवर असलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना. ही गोळी स्वस्त आहे आणि तोंडाने घेता येते, त्यामुळे आपल्याकडे तिच्याकडे मोठ्या आशेने पाहिले जाते. मात्र सात दिवसांचा आकडा हा सात दिवसांचाच आहे हे इथेही विसरू नये.

पहिले तीन महिने

घरी आल्यावर स्टेरॉइडची गोळी हळूहळू उतरवायची असते. पुष्कळ डॉक्टर ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनपासून सुरू करून दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करतात, म्हणजे साधारण आठ आठवड्यांत ती बंद होते. हे वेळापत्रक कॅलेंडरवर तारखांसह लिहून ठेवावे. मधेच गोळी एकदम बंद केली तर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती जागी झालेली नसते आणि चक्कर, उलट्या, रक्तदाब उतरणे असे प्रकार होऊ शकतात. उलट, १० किंवा १५ मिलिग्रॅमवर येताच पुन्हा रक्त दिसू लागले म्हणून कपाटातली जुनी पट्टी काढून स्वतःच डोस वाढवणे हेही तितकेच घातक आहे, कारण त्यामुळे डॉक्टरांना कळायला हवी ती गोष्ट झाकली जाते. तीन महिन्यांत १० मिलिग्रॅमच्या खाली येता येत नसेल, किंवा बंद केल्यापासून तीन महिन्यांत आजार उलटला, तर तो रुग्ण स्टेरॉइडवर अवलंबून आहे असे मानतात आणि उपचार बदलतात. वर्षानुवर्षे पाच-दहा मिलिग्रॅमवर चालढकल करणे हा उपचार नव्हे. त्याची किंमत हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मोतीबिंदू आणि संसर्ग या रूपाने मोजावी लागते.

स्टेरॉइड उतरत असतानाच पुढचे औषध कामाला लागलेले असावे लागते. अ‍ॅझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ते लवकर सुरू होते. त्याआधी किंवा सुरुवातीलाच एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी होऊ शकते का, हे अवश्य विचारावे. या जनुकातील एका बदलामुळे पांढऱ्या पेशी अचानक घसरतात, आणि हा बदल युरोपीय लोकांपेक्षा भारतीय आणि पूर्व आशियाई लोकांत अधिक आढळतो. तपासणी झाली किंवा न झाली तरी पहिले काही आठवडे रक्तपेशींची मोजणी वारंवार करावी लागते. मुठीने केस गळणे, घसा दुखून ताप येणे, ही त्या मोजणीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करण्याची लक्षणे आहेत.

इन्फ्लिक्सिमॅब रुग्णालयात सुरू झाले असेल तर ते पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, आणि मग दर आठ आठवड्यांनी देण्याची नेहमीची पद्धत आहे. आपल्याकडे याच ठिकाणी सर्वांत मोठी गळती होते. पहिल्या तीन मात्रा कसेबसे पैसे उभे करून घेतल्या जातात, रुग्णाला बरे वाटते, आणि चौथ्या मात्रेला खंड पडतो. काही महिन्यांनी आजार उलटल्यावर तेच औषध पुन्हा दिले तर शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असण्याचा, सलाईन चालू असताना प्रतिक्रिया येण्याचा आणि गुण कमी येण्याचा संभव असतो. म्हणून पहिली मात्रा देण्यापूर्वीच घरच्यांनी वर्षभराचा खर्च कागदावर मांडावा, जैवसदृश स्वरूपातील स्वस्त औषध मिळते का हे विचारावे, विम्याची आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून शासकीय योजनेची चौकशी करावी. वर्षाचा खर्च झेपणार नाही असे दिसत असेल तर ते संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी इन्फ्लिक्सिमॅब झटक्यापुरते देऊन पुढे अ‍ॅझाथायोप्रिनवर ठेवणे, किंवा सुरुवातीपासून निराळा मार्ग घेणे, असे पर्याय विचारपूर्वक निवडता येतात. पैशाअभावी मधेच औषध सुटण्यापेक्षा हे केव्हाही बरे. दोन्ही औषधे एकत्र चालवण्याचाही विचार होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सोळा आठवड्यांनी स्टेरॉइडविना लक्षणमुक्त असलेल्यांचे प्रमाण दोन्ही औषधांच्या जोडीने ३९.७ टक्के, केवळ इन्फ्लिक्सिमॅबने २२.१ टक्के आणि केवळ अ‍ॅझाथायोप्रिनने २३.७ टक्के होते. त्या चाचणीतील रुग्ण रुग्णालयात दाखल होण्याइतके अत्यवस्थ नव्हते, हे ध्यानात घेऊन हा आकडा वाचावा.

क्षयाबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. आपल्या देशात पुष्कळ लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात आणि इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाने ते जागे होऊ शकतात. छातीचा एक्स-रे किंवा सीटी, मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) या तपासण्या औषधापूर्वी होतात. पण झटका चालू असताना, स्टेरॉइडच्या अमलाखाली केलेली मॅन्टू खोटी 'नाही' म्हणू शकते. अहवाल स्वच्छ असला तरी औषध चालू असेपर्यंत संध्याकाळचा ताप, वजन घटणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा मानेत गाठ यांपैकी काहीही अंगावर काढू नये. घरात किंवा कामाच्या ठिकाणी कुणाला क्षय झाला होता का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.

सायक्लोस्पोरिनवर असलेल्यांनी रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) आणि औषधाची रक्तातील पातळी ठरल्या दिवशी तपासावी. स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन आणि अ‍ॅझाथायोप्रिन अशी तिन्ही औषधे एकाच वेळी चालू असतील, तर फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून बचावासाठी को-ट्रायमोक्साझोलची गोळी द्यायची का, हे विचारावे. टोफासिटिनिब घेणाऱ्यांना नागीण होण्याचा आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पन्नाशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांत ते जपून वापरतात आणि गरोदरपणात टाळतात.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास दुर्बिणीने आतून पाहणे, किंवा ते शक्य नसल्यास निदान शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन) तपासणे, हा या सगळ्या काळाचा निकाल लावणारा टप्पा आहे. पूर्ण कोलोनोस्कोपीची गरज प्रत्येक वेळी नसते. आतड्याच्या शेवटच्या भागापुरती लहान तपासणी बहुधा पुरते. 'आता बरे वाटते, मग नळी कशाला' असे म्हणून ही तारीख बहुतेक जण टाळतात. वर सांगितलेले ८ आणि १४ रुग्णांचे निरीक्षण आठवून ती टाळू नये.

वहीत काय लिहावे

एक साधी दोनशे पानी वही पुरे. दररोज शौच किती वेळा झाले, त्यातले रात्री झोपेतून उठवणारे किती, रक्त दिसले का, आणि गोळ्या घेतल्या का, एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. 'सकाळी ३, रात्री ०, रक्त नाही, गोळ्या घेतल्या' अशी एक ओळ लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही. अशा ओळींनी भरलेल्या पानाच्या मधोमध 'रात्री १' असे तीन दिवस सलग दिसले, तर ते रुग्णाच्या ध्यानात यायच्या आधी वहीत दिसते. रात्री शौचासाठी उठावे लागणे ही सूज परतत असल्याची बोलकी खूण आहे, आणि तपासणीच्या वेळी 'अधूनमधून त्रास होतो' असे मोघम सांगण्यापेक्षा ते पान डॉक्टरांपुढे ठेवणे शंभरपट उपयोगाचे असते.

कॅलप्रोटेक्टिन हे वहीला पूरक. लक्षणे नसलेल्या माणसात हा आकडा १५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतली सूज शमली असण्याची शक्यता बळकट असते. एका अहवालावरून निष्कर्ष काढू नये. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत ठरावीक अंतराने तपासून तो चढतो आहे की उतरतो आहे हे पाहावे.

पथ्याच्या नावाखाली उपासमार नको

आपल्या घरांत पथ्याचा फार धाक असतो. झटक्यानंतर सहा-सहा महिने केवळ मऊ भात, ताक आणि साबुदाण्याची खीर यांवर काढणारी माणसे पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यांचे स्नायू झिजलेले असतात, अल्ब्युमिन वर येत नाही आणि घरच्यांना मात्र आपण जपतो आहोत असे वाटत असते. रक्त पडत असताना कोंडायुक्त, बियांचे आणि फार तिखट पदार्थ कमी करणे ठीक आहे. उतार पडल्यावर मात्र डाळ, अंडी, मासे, पनीर, शिजवलेल्या भाज्या, भाकरी असे एकेक करून परत आणावे. दुधाने पोट फुगत असेल तर तेवढेच टाळावे. दही चालत असेल तर चालू द्यावे. लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची कमतरता तपासून भरून काढावी लागते.

दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी सूज भडकवू शकते, त्यामुळे दुखण्या-तापासाठी पॅरासिटामॉल आधी विचारात घ्यावे. घटकांची नावे नसलेल्या पुड्या मुळीच घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे, आणि ज्याला आपण जडीबुटीचा गुण समजतो तो त्याचाच असतो.

वर्षानुवर्षांची देखभाल

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी देता येत नाहीत, म्हणून कांजिण्यांसारख्या लसींचा विचार औषधापूर्वी व्हावा. हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लस, न्यूमोकोकस आणि दरवर्षीची इन्फ्लुएन्झाची लस मात्र घेता येते. अ‍ॅझाथायोप्रिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. तो प्रत्यक्षात कमीच असतो आणि अनियंत्रित कोलायटिसच्या धोक्यापुढे सहसा लहान ठरतो, तरी डॉक्टरांनी तो सांगितला पाहिजे आणि रुग्णाने विचारला पाहिजे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आजार शांत असतानाचा काळ निवडावा आणि औषधे मनाने बंद करू नयेत. गरोदरपणात उसळलेला कोलायटिस हा बहुतेक औषधांपेक्षा आई आणि बाळ दोघांना अधिक अपायकारक असतो.

लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षे झाली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी नियमित कोलोनोस्कोपी सुरू होते. पित्तनलिकांचा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा आजार सोबत असेल तर आठ वर्षे न थांबता दरवर्षी करावी लागते.

शस्त्रक्रियेचा विचार कधी करावा

औषधांनी आतडे वाचवणे हे ध्येय आहे, पण कोणत्याही किमतीवर नाही. एकामागून एक औषधे बदलत, स्टेरॉइडवर आणि कमी अल्ब्युमिनवर महिनोन्‌महिने काढलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया उशिरा झाली, तर गुंतागुंती वाढतात. शांत काळात, पोटाच्या शल्यविशारदाला एकदा नुसते भेटून यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आणीबाणीच्या रात्री अनोळखी डॉक्टरकडून 'पिशवी' (शौच गोळा करायला पोटावर लावायची) हा शब्द प्रथम ऐकणे आणि दिवसाउजेडी खुर्चीत बसून त्याची माहिती घेणे यांत फार फरक पडतो.

तीव्र झटक्यात सहसा आधी मोठे आतडे काढून पोटावर लहान आतड्याचे तोंड आणले जाते, आणि पुढे प्रकृती सुधारल्यावर लहान आतड्याचाच साठवणीचा पाउच करून तो गुदद्वाराशी जोडता येतो. ही पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ साली मांडली. पाउचनंतर दिवसाला पाच-सहा वेळा शौचाला जावे लागते, सुमारे निम्म्या रुग्णांना कधी ना कधी पाउचला सूज येते, आणि स्त्रियांत गर्भधारणा होण्याची शक्यता काहीशी कमी होते. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी कायमची जोडणी पुढे ढकलण्याविषयी विचारावे. पोटावरची पिशवी कायम ठेवूनही माणसे नोकरी, शेती, प्रवास सगळे करतात.

पुन्हा रक्त दिसले तर

पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांशी बोलावे. शौचाचा नमुना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आणि इतर संसर्गांसाठी द्यावा, कारण आजार उलटल्यासारखे दिसणारे पुष्कळ झटके संसर्गाने सुरू झालेले असतात आणि त्यांचे उपचार निराळे असतात. लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये. सुजलेले आतडे त्याने फुगू शकते. दिवसात सहा वेळा रक्त पडले आणि ताप आला, किंवा बसल्या जागी नाडी ९०च्या वर राहू लागली, तर त्याच दिवशी दाखल व्हावे, आणि तेही जिथे पोटविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघे आहेत अशा ठिकाणी. दाखल झाल्यावर पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून हिपॅरिनचे इंजेक्शन देतात. रक्त पडत असताना ते कसे काय, अशी शंका घेऊन घरच्यांनी ते नाकारू नये, कारण या आजारात गुठळीचा धोका रक्तस्रावाच्या वाढीपेक्षा मोठा असतो. सोबत वही, डिस्चार्ज कार्ड, दुर्बिणीचे आणि क्षयतपासणीचे अहवाल न्यावेत, आणि गेल्या वेळी तिसऱ्या दिवशी काय स्थिती होती व कोणत्या औषधाने उतार पडला हे दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.